मदत हवी आहे: गावच्या घरासाठी बॅटरीवरची हत्यारं, सेलमध्ये नेमकं काय घ्यावं?

मंडळी,

दसरा-दिवाळीचे सेल सुरू झालेत आणि मोबाईल उघडला की कुठलं ना कुठलं ड्रिल '६० टक्के सूट' म्हणत समोर उभं राहतं. मला खरंच घ्यायचंय, पण एकदा हात पोळलाय, म्हणून आधी इथे विचारतो.

मी राहतो ठाण्यात, गावचं घर संगमेश्वर तालुक्यात. जांभ्याचं जुनं कौलारू घर आणि मागे नंतर काढलेली एक स्लॅबची खोली. भोवती साधारण १० गुंठे. नऊ हापूस, सहा माड, थोड्या पोफळी, रस्त्याच्या कडेला कडू मेंदीचं कुंपण. आईबाबा तिथेच असतात. बाबा ७३ वर्षांचे आहेत आणि कोयता अजून हातातून सोडत नाहीत. मी महिना-दीड महिन्याने दोन दिवस जातो. पहिला दिवस गडी शोधण्यात जातो, दुसरा त्याची वाट बघण्यात.

कामं अशी: मेंदी छाटायची. आंब्यांवर बांडगूळ माजलंय, ते फांदीसकट काढायचं. घरात फळ्या, खुंट्या, पडद्यांचे रॉड, पडवीच्या दाराच्या बिजागऱ्या. आणि पावसाळ्यात कमरेएवढं वाढणारं गवत. वायर ओढत आगरात फिरणं जमत नाही, आणि जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवरचं.

आता पोळल्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एक नाव नसलेला '४८ व्होल्ट' ग्रास ट्रिमर मागवला. छापील किंमत ९,९९९, मला पडला २,८०० ला, सोबत दोन बॅटऱ्या. पहिल्याच पावसाळ्यात विहिरीपासून गोठ्यापर्यंत जाईतो दोन्ही बॅटऱ्या आडव्या. दुसऱ्या वर्षी चार्जरचा दिवाच लागेना. डब्यावरचा फोन नंबर अस्तित्वात नाही. रागाने बॅटरीचा डबा उघडला तर आत सेल निघाले पाच. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर अठराच होतात. उरलेले तीस व्होल्ट फक्त स्टिकरवर होते!

बजेट २० हजार, अगदीच पटलं तर २२. समोर तीन पर्याय आहेत:
१) १२ व्होल्टचं नामांकित कंपनीचं ड्रिल, दोन बॅटऱ्यांसह, बरंच स्वस्त.
२) १८ व्होल्टचं हॅमर ड्रिल किट आणि त्याच बॅटरीवर चालणारा हेज ट्रिमर (कुंपण छाटायचं यंत्र).
३) 'ऑल इन वन' संच: ड्रिल, ग्राइंडर, छोटी चेनसॉ, १०० च्या वर बिट्स, सगळं मिळून ८ हजारात.

तिसऱ्याकडे मन ओढतंय हे कबूल करतो. माझा न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, ब्लॅक फ्रायडेला तिकडून आणतो. काय करू?

– पडवीकर

*

सुतारपक्षी:

पडवीकर, तुम्ही डबा उघडलात हे बेस करून टाकलंत. अर्ध्या लोकांना हेच कळत नाही.

व्होल्टचा घोळ आधी मिटवतो. १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' एकच. पाच सेल, ३.६ ने मोजले तर १८. नुकती चार्ज झालेली बॅटरी, तिच्यावर भार नसताना, २० च्या आसपास दाखवते, म्हणून काही कंपन्या तो आकडा छापतात. २१ छापणारे पूर्ण भरलेल्या सेलचे ४.२ धरतात. १२ व्होल्ट मॅक्स म्हणजे तीन सेल, खरे १०.८. तेव्हा नुसते व्होल्ट बघू नका, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (एएच) बघा, म्हणजे वॉट-अवर, बॅटरीत किती वीज मावते ते कळतं. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ एएच म्हणजे ७२. पैसा तिथे असतो. किट स्वस्त दिसतं तेव्हा बहुतेक वेळा आत १.५ एएचची बॅटरी असते, किंवा एकच असते. किंवा बॅटरी नसतेच! 'सोलो' किंवा 'बेअर टूल' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक घरी खोकं उघडून चार्जर शोधत बसतात.

माझं मत: पर्याय २. तुम्ही ड्रिल घेत नाही आहात, बॅटरी घेताय. एकदा एका कंपनीच्या बॅटरीत शिरलात की पुढची हत्यारं नुसती घेता येतात, आणि दिवाळी सेलमधली खरी बचत तिथेच होते. पण एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकांत बसतात असं समजू नका. बॉशचंच बघा: निळी प्रोफेशनल आणि हिरवी घर-बागेची, दोन्ही १८ व्होल्ट, पण निळ्याची बॅटरी हिरव्यात बसत नाही. ड्रिल निळं आणि हेज ट्रिमर हिरवा घेतलात तर दोन चार्जर सांभाळा.

स्लॅबच्या खोलीबद्दल. जांभा आणि वीट यांत ६-८ मिमीचं भोक १८ व्होल्टचं हॅमर ड्रिल आरामात पाडतं. काँक्रीटच्या बीममध्ये मात्र घाम फुटेल, तुम्हालाही आणि बॅटरीलाही. तिथे एसडीएस बिटाचं (खटक्याने बसणाऱ्या खाचांच्या बिटाचं) वायरवालं रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडणारं जड ड्रिल, लागतं. एका दिवसासाठी भाड्याने आणा, विकत नको.

*

आगरवाला:

बाकी सुतारपक्षी म्हणतात ते बरोबर. गवताबद्दल मी बोलतो, कारण मी त्यात जन्म घालवलाय.

पावसाळी रान काढायला बॅटरीचा ट्रिमर नको. हिशोब करा. दाट गवतात ट्रिमर २५०-३०० वॉट सहज ओढतो. ३६ वॉट-अवरची बॅटरी म्हणजे सात-आठ मिनिटं, ७२ ची पंधरा. तुमचे १० गुंठे. घर, झाडं वगळून सहा धरले तरी किती बॅटऱ्या? पायवाटेच्या कडेला, तुळशीभोवती ठीक आहे. बाकीच्याला पेट्रोलवालाच. तोही तुम्ही वर्षातून दोनदा वापरणार, एरवी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकणार. गावात कुणीतरी ग्रास कटर मारून देणारा असतोच. यंत्रासकट त्यालाच बोलवा. फक्त त्याला सांगा, माडाच्या बुंध्याला कटरची फिरती दोरी लागू देऊ नको. कोवळ्या कलमांना तर अजिबात नाही. साल गोल सोलली की कलम गेलं.

बांडगूळ: ते नुसतं ओरबाडून चालत नाही, मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात. जिथे चिकटलंय त्याच्या मागून, खोडाच्या बाजूने फांदी कापावी लागते. त्यासाठी शिडीवर चढून चेनसॉ चालवायचा विचार मनातही आणू नका, आणि बाबांच्या हातात तर तो संच क्रमांक ३ पडूच देऊ नका. त्या छोट्या चेनसॉपैकी बऱ्याच जणींना चेन ब्रेक (करवत उसळली तर चेन थांबवणारा) नसतो, चेनला तेल हाताने सोडावं लागतं. लांब दांड्याची हातकरवत घ्या. जमिनीवर उभं राहून काम होतं, आणि तिला चार्जिंग लागत नाही.

*

जर्सीकर:

भाच्याच्या वतीने इकडून लिहितो. :) ब्लॅक फ्रायडेला इकडे खरंच स्वस्त मिळतं. एक बॅटरी घ्या, हत्यार फुकट, असंही असतं. पण चार्जर १२० व्होल्टचा. तुमच्या २३० वर लावलात तर एकदाच लागेल. बॅटरी विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, १०० वॉट-अवरच्या आतली (१८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०, चालते). ड्रिल मात्र चेक-इनमध्ये. इकडे रायोबी कंपनी फार चालते, १९९६ पासून एकच बॅटरी धरून ठेवलीय त्यांनी, पण ती घेऊन रत्नागिरीत दुरुस्ती कोण करणार? भाच्याला चॉकलेटं आणायला सांगा.

*

पडवीकर:

सगळ्यांचे आभार. तिसरा पर्याय कार्टमधून काढला. बाबांना 'चेनसॉ नको' हे वाचून दाखवलं, ते म्हणाले, मला कोयता पुरे, तुलाच काहीतरी हवंय. बरोबर आहे त्यांचं.

१८ व्होल्टचं किट बघतोय, २ एएचच्या दोन बॅटऱ्या, आणि त्याच बॅटरीचा हेज ट्रिमर नुसता. ४ एएचची एक नंतर. ऑनलाईन आणि चिपळूणच्या दुकानात फरक १,१०० चा आहे.

*

सुतारपक्षी:

११०० साठी दुकान सोडू नका. बॅटरीवरची उत्पादन तारीख बघून घ्या. सेलमध्ये कधी कधी दोन-दोन वर्षं गोदामात पडलेला माल निघतो. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीची नोंदणी दुकानातच करून टाका, काही कंपन्यांत ती ठराविक दिवसांत न केल्यास मुदत कमी होते. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते त्यालाच विचारा.

आणि गावाहून निघताना बॅटरी हत्यारात लावून ठेवू नका. दोन कांडी चार्ज ठेवून काढून ठेवा, माळ्यावर कौलाखाली नको, तिथे तापतं. पूर्ण रिकामी करून तीन महिने ठेवलीत तर चार्जर तिला ओळखणार नाही.

*

पडवीकर:

शेवटचा प्रश्न. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर लावला तर चालेल?

*

आगरवाला:

साइन वेव्हवाला (लाईटसारखीच वीज देणारा) असेल तर बिनधास्त. चार्जर घेतो तरी किती, एका पंख्याएवढं. जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर नको, चार्जर गरम होऊन गुणगुणतो. आमचा तसाच आहे, म्हणून मी लाईट येईपर्यंत सुपारी सोलतो.