विजा कडाडत असताना मेन स्विच पाडला की पुरे का?

अबोली:
आभाळ भरून आलं की घरात आधी काय बंद करायचं? मेन पाडला तर टीव्ही, फ्रिज, राउटर वाचतात की प्रत्येक प्लग काढायलाच हवा? आणि एमसीबी असूनही वस्तू जळतात कशा?

तारजोड:
एमसीबीचं काम वेगळं. करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झाला की तो पडतो, त्यालाही काही मिलिसेकंद लागतात. जवळपास वीज पडली की तारेतून येणारा व्होल्टेजचा झटका मायक्रोसेकंदांत काम उरकून मोकळा. मेन पाडला तरी आतल्या संपर्कांमधली फट जेमतेम काही मिलिमीटर असते, मोठा झटका ती सहज ओलांडतो. म्हणून प्लगच काढा. आणि दुसरी वायर विसरू नका! टीव्हीची डिश केबल, राउटरची तांब्याची लॅन केबल. प्लग काढून केबल तशीच ठेवली तर पोर्ट तिकडूनच जातो. फायबरची काच वीज नेत नाही, तरी राउटरचा अडॅप्टर काढायचाच.
कायमची सोय हवी तर डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, टाइप 2 एसपीडी (व्होल्टेजचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) बसवून घ्या. त्याच्या जोडणीच्या तारा सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. अर्थिंग धड नसेल तर मात्र तो शोभेचाच. एसपीडीवरच्या छोट्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की त्याची कार्ट्रिज बदलायची.

मोरपीस:
हे सगळं गडगडाट सुरू व्हायच्या आधी, बरं का. वीज डोक्यावर आली की प्लगला हात लावायचा नाही, टीव्ही गेला तर गेला. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून 3 ने भागा, तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज टप्प्यात आहे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आंघोळ, भांडी, वायरचा फोन बंद. मोबाइल चालेल, फक्त चार्जिंगला लावलेला नको.

अबोली:
आभार! लाइट आल्यावर फ्रिज लगेच लावायचा का? आणि इन्व्हर्टर?

तारजोड:
फ्रिजला निदान 5 मिनिटं द्या. कंप्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायच्या आत चालू केला तर मोटर अडते, नुसती घुंघुं करते आणि तिचा ओव्हरलोड स्विच पडतो. इन्व्हर्टरचं म्हणाल, तर मेन पाडला तरी त्याच्यावरचे पॉइंट जिवंतच असतात. बोर्ड उघडायचा असेल तर आधी त्याचा आउटपुट बंद करा.