चाकातले दिवे रोजच्या सायकलला झेपतात का? अनुभव सांगा

धागाकर्ता
पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, त्यावर इथे कुणाचं दुमत नसावं. प्रश्न आहे तो चाकात बसणाऱ्या दिव्यांचा. स्पोकला अडकवायचे, व्हॉल्व्हच्या टोपणातले, रिमवर कड्यासारखे बसणारे, चाक फिरलं की चित्र उमटवणारे, चुंबकावर चालणारे असे बरेच प्रकार आहेत. जाहिरातीत सगळेच झकास दिसतात. मला रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांचं ऐकायचंय. पाऊस, चिखल, पंक्चर, बाहेर उघड्यावर उभी राहणारी सायकल, यातून दिवा टिकला का? आणि टिकला तर त्याचा उपयोग काय झाला? नवीन खोका उघडल्याचा आनंद नको. पहिला सेल संपल्यानंतरचं लिहा.

रात्रपाळी
स्पोकला अडकवायचे, बटण सेलवाले वापरते. त्यांचं एक भूत होतं. हातात धरला की दिवा लख्ख, चाकाने वेग घेतला की बंद, ब्रेक मारला की पुन्हा चालू. शेवटी उघडून पाहिलं. सेलच्या एका बाजूला पक्की पट्टी होती, दुसऱ्या बाजूला नाजूक स्प्रिंग. चाक फिरलं की सेल बाहेरच्या दिशेला स्प्रिंगवर रेटला जायचा आणि पक्क्या पट्टीपासून सुटायचा. दिवा उलटा बसवला, म्हणजे सेल पक्क्या पट्टीवरच दाबला जाईल असा, आणि भूत पळालं.
उपयोगाचं म्हणाल तर गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना आडव्या येणाऱ्या गाड्या आता लवकर हळू होतात असं वाटतं. वाटतं म्हणतेय, पुरावा नाही.

आकडेमोड
रात्रपाळी, तुमच्या भुताचं गणित देतो. नेहमीच्या मोठ्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी २० किमी वेगाला ते सेकंदाला अडीचपेक्षा थोडे जास्त फेरे घेतं. रिमजवळ बसवलेल्या वस्तूवर तेव्हा तिच्या वजनाच्या आठ-नऊ पट ओढ असते. ३० ग्रॅमचा दिवा असेल तर पाव किलोच्या आसपास. ताशी ३० ला हीच ओढ एकोणीस-वीस पटीवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. प्लास्टिकच्या पकडी उगाच तुटत नाहीत. दिवा हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, निम्म्या अंतरावर सरकवला की ओढही निम्मी होते. पण मग प्रकाशाचं वर्तुळही लहान होतं. काय हवंय ते ठरवा.

चित्रवाला
चार पट्ट्यांचा, चित्र उमटवणारा सेट लावला होता. लोक थांबून बघतात, सिग्नलला गप्पा मारतात, मजा आहे. पण माझा रस्ता गर्दीचा. चित्र नीट दिसायला वेग लागतो आणि गर्दीत तो मिळत नाही, त्यामुळे चित्राऐवजी नुसते फिरणारे ठिपके दिसतात. सिग्नलला उभा राहिलो की चार रंगीत काड्या. शिवाय चार्जिंग. पुढचा, मागचा आणि आता दोन चाकांचे! एक वायर सोडवून दुसरीला लावण्यात संध्याकाळ जाते. आता फक्त रात्रीच्या सामूहिक फेरीला लावतो.

आकडेमोड
त्याचंही गणित आहे. डोळ्यात प्रतिमा सेकंदाचा दहावा भाग रेंगाळते असं धरलं, तर ताशी २० ला एक पट्टी तेवढ्या वेळात साधारण पाव फेरा मारते. म्हणून चार पट्ट्या. ताशी १० ला आला की निम्मं वर्तुळ रिकामं.

गाडी चालवणारा
सायकल चालवत नाही, पण रोज रात्री सायकलवाल्यांच्या मधून गाडी काढतो. आडव्या रस्त्यावरून जाणारी फिरती चाकं दिसली की सायकल आहे हे चटकन कळतं, नुसत्या लाल ठिपक्यावरून तेवढं कळत नाही. पण मी तुमच्या मागे असेन तर चाकातलं काही मला दिसत नाही. तेव्हा मागचा दिवा काढून चाकात रोषणाई करणाऱ्यांना हात जोडून विनंती, असं करू नका.

कडेवाली
रिमवर बसणारी दिव्यांची कडी मी बराच काळ वापरली. कल्पना सुंदर आहे. २०११ साली रेव्होलाइट्स नावाचे असे दिवे किकस्टार्टरवर (लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर) आले तेव्हाच ती डोक्यात बसली होती. फोर्कवर (चाक धरणाऱ्या दांड्यांवर) चुंबक असतो, त्यावरून चाकाला आपला वेग आणि जागा कळते. मग पुढच्या चाकाचा पुढचा भाग पांढरा आणि मागच्या चाकाचा मागचा भाग लाल पेटतो. बाकीचं कडं अंधारात राहतं. म्हणजे बाजूने दिसतं आणि दिशाही कळते. इतर चाकदिव्यांत ही दुसरी गोष्ट नसते, हे लक्षात घ्या.
माझी कडी दुसऱ्याच कंपनीची होती, नाव घेत नाही. बसवायला अख्खी दुपार गेली. पंक्चर झालं तेव्हा टायर काढताना लिव्हर कड्याला लागत होता. पावसात एका जोडणीत पाणी शिरलं आणि अर्धं कडं मेलं. सुटा भाग मिळेना. दिवा म्हणून दहापैकी नऊ, रोजच्या वापराला चार.

सायकल दुरुस्तीवाला
माझ्याकडे येणाऱ्या चाकदिव्यांच्या तक्रारी एकसारख्याच असतात. पहिली, चाक 'धडधडतं'. एकाच बाजूला वजन लावलं की तसं होणारच. दिवा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला लावा, किंवा दोन दिवे समोरासमोर. दुसरी, दिवा फिरून ब्रेकला किंवा फोर्कला घासला. बांधून झाल्यावर सायकल उचलून चाक हाताने फिरवून बघा, एवढंच करायचं असतं, कुणी करत नाही. तिसरी, व्हॉल्व्हवरचे दिवे. हवा भरताना प्रत्येक वेळी काढायचे, रस्त्याकडेला उभ्या सायकलवरून सगळ्यात आधी तेच जातात. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायलाही स्पोकवरचं सगळं सोडवावं लागतं. तेव्हा प्लास्टिकच्या पट्टीने कायमचं आवळू नका.

चुंबकप्रेमी
मी दुसऱ्या जातीचा. स्पोकवर चुंबक, दिवा मात्र हबजवळ फ्रेमवर स्थिर. चुंबक समोरून गेला की दिव्यातल्या वेटोळ्यात वीज तयार होते. सेल नाही, चार्जिंग नाही, बटणही नाही. चाक फिरलं की दिवा लुकलुकतो. चाकावर फक्त चुंबक असल्यामुळे वरची सगळी भुतं गायब.
डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात असे दिवे देऊन २००४-०५ मध्ये मोठा प्रयोग झाला. ३,८४५ सायकलस्वार होते, काहींना दिवसरात्र चालू राहणारे दिवे दिले, उरलेल्यांना नाही. दिवेवाल्यांच्या गटात इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. अपघातांची माहिती स्वारांनी स्वतःच भरून दिली होती, हे मान्य. तरी मला त्यातला 'दिवसरात्र' हा भाग महत्त्वाचा वाटतो. दिवा लावायला विसरताच येत नाही.
खोट दोन. उभं राहिलं की वीज नाही. कपॅसिटरवाले, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे, काही मिनिटं तगतात, साधे लगेच विझतात. आणि दिवा खूप खाली असतो, गाड्यांच्या रांगेत झाकला जातो.

नळीवाला
एवढं सगळं वाचून हसू आलं. स्पोकवर चढवायच्या परावर्तक नळ्या कुणी वापरत नाही का? सेल नाही, वजन नगण्य, चोराला त्यात रस नाही, पावसात धुऊन निघतात. जर्मनीच्या नियमांत तर पिवळ्या स्पोक रिफ्लेक्टरऐवजी टायरवरचं पांढरं परावर्तक कडं किंवा सगळ्या स्पोकवर अशा नळ्या चालतात. गाडीचा प्रकाश पडला की अख्खं चाक उजळतं. वर्षानुवर्षं तशाच आहेत.

आकडेमोड
पण प्रकाश पडला *की*. आडवी येणारी गाडी काटकोनात असेल, तर तिचा झोत तुमच्यावर पडतो तेव्हा तुम्ही जवळपास तिच्या समोर आलेले असता. नळीची मर्यादा तिथे आहे. स्वतःचा उजेड असलेला दिवा झोताच्या बाहेरूनही दिसतो.

रात्रपाळी
आणि पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर विसरू नका. वरखाली हलतात, त्यावरून हा माणूस आहे हे मेंदूला लगेच कळतं. ते मागूनही दिसतात, जे चाकदिव्यांना जमत नाही.

धागाकर्ता
माझ्यापुरतं ठरलं: सगळ्या स्पोकवर नळ्या, शिवाय प्रत्येक चाकात हबजवळ एकेक साधा स्पोकदिवा, फक्त अंधाऱ्या चौकांसाठी. कडी नको, चित्र तर नकोच. एक शंका उरली. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला) दिवा लागेल का?

सायकल दुरुस्तीवाला
डिस्कच्या बाजूच्या स्पोकवर लावू नका, दुसऱ्या बाजूला लावा. मागच्या चाकात मात्र दुसऱ्या बाजूला गियर आणि डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा भाग) येतो. सगळ्यात मोठ्या चकतीवर साखळी टाकून हाताने फिरवून बघा. तिथे जागा कमी असेल तर मागचा दिवा रिमकडे थोडा सरकवा, आणि मग पकड चांगली घट्ट हवी.