पहिलीच गाडी स्पोर्टी घ्यावी का, आणि घ्यायची झाल्यास कोणती? सल्ला हवा आहे

नवा_चालक :

माझे वय २० आहे. वाहन चालवण्याचा परवाना मिळून आठ महिने झाले असून आतापर्यंत घरातली गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालवली आहे. त्यातही बहुतेक प्रवास दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर आणि शेजारी घरातले कोणीतरी मोठे बसलेले असतानाच झाला आहे. आता स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घ्यायची आहे आणि ती वापरलेली असणार, एवढे नक्की आहे.

मला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे. वळण घेताना रस्ता कसा आहे हे स्टिअरिंगवरच्या हाताला कळावे आणि गिअर टाकताना समाधान वाटावे, अशी गाडी मला हवी आहे. डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. पहिला, टोयोटा जीटी ८६ सारखी मागच्या चाकांना ताकद देणारी कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी. दुसरा, फोर्ड फिएस्टा एसटीसारखी टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाची जोरकस हॅचबॅक. आणि तिसरा, सुझुकी स्विफ्ट स्पोर्टसारखी त्याहून हलकी आणि थोडी सौम्य गाडी. दोन-तीन वर्षे साधी गाडी चालव आणि मग हवी ती घे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी मला समजते, पण आवड बाजूला ठेवून घेतलेली गाडी मी मन लावून चालवीन का, हा प्रश्नही मला खरा वाटतो. अनुभवी मंडळींनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

तिसरा_गिअर :

तुमचा प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण बहुतेक जण तो गाडी दारात उभी राहिल्यावर विचारतात. माझे मत आधीच सांगतो: स्पोर्टी गाडी जरूर घ्या, पण जिची मर्यादा कमी वेगातच जाणवते आणि जी घसरण्यापूर्वी चालकाला पुरेशी सूचना देते अशी घ्या. नवशिक्या माणसाला कमी असते ती जाणीव. इंजिनाच्या ताकदीची उणीव त्याला सहसा भासत नाही. जाणीव वाढवणारी गाडी आणि नुसती वेगाने पळणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी स्वतःची पहिली गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि माझ्या कुवतीपेक्षा बरीच ताकदवान होती. ती घेतल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली असताना, एका उजव्या वळणात मी थोडा जास्तच वेगाने शिरलो. वळणाच्या मध्यावर भीती वाटली आणि कोणीही नवखा माणूस करील तेच मी केले, म्हणजे एक्सलरेटरवरून पाय एकदम उचलला. गाडीचा भार पुढे गेला, मागची चाके हलकी झाली आणि पुढच्याच क्षणी ज्या रस्त्याने जायचे होते तो मला समोरच्या काचेऐवजी बाजूच्या काचेतून दिसू लागला. समोरून कोणी येत नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे. त्या दिवशी माझा वेग कायद्याच्या मर्यादेत होता, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून निवड करताना सर्वांत आधी अश्वशक्ती आणि वजन यांचे प्रमाण पाहा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत तात्पुरता परवाना असलेल्या नव्या चालकांना टनामागे १३० किलोवॅटपेक्षा, म्हणजे सुमारे १७५ अश्वशक्तीपेक्षा, जास्त ताकदीची गाडी चालवण्यास मनाई आहे. ही कायद्याची वरची सीमा झाली; पहिल्या गाडीसाठी मी टनामागे १०० ते १३० अश्वशक्ती हा पट्टा सुचवीन. तो कमी वाटत असेल तर एक आठवण करून देतो. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या आणि पुढे जोरकस हॅचबॅकचा आदर्श ठरलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते, आणि तिची मजा तिच्या जेमतेम ८१० किलो वजनात होती. पहिली माझदा एमएक्स-५, म्हणजे दोघांपुरती, उघडता येणाऱ्या छताची गाडी, १९८९ साली आली तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाचीही ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपासच होती, आणि तरीही त्या गाडीने साऱ्या जगाला वळणांची गोडी लावली.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. जीटी ८६ चे दोन लिटरचे इंजिन २०० अश्वशक्तीचे आहे आणि गाडीचे वजन सव्वा टनाच्या आसपास आहे. तिला मुद्दाम मध्यम पकडीचे टायर दिले गेले होते, जेणेकरून कमी वेगातही तिची मागची बाजू खेळवता यावी. जाणत्या चालकासाठी तो मोठा गुण आहे, पण आठ महिन्यांच्या अनुभवावर ओल्या रस्त्यात तोच गुण अंगाशी येऊ शकतो. फिएस्टा एसटीच्या २०१३ ते २०१७ या काळातल्या आवृत्तीत १८२ अश्वशक्ती आहे. पुढच्या चाकांवर चालत असल्याने ती चुका थोड्याफार पोटात घालते, परंतु टर्बोचा जोर कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिन कमी वेगाने फिरत असतानाच, एकदम येतो आणि वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त दाबला गेला, तर पुढची चाके पकड सोडून गाडी सरळ जाऊ लागते. त्यातही समाधान एवढेच की अशा वेळी पाय हळूहळू सैल केला की गाडी बहुधा परत रेषेत येते.

स्विफ्ट स्पोर्टमध्ये मी २०१२ ते २०१७ या काळातली, १.६ लिटरच्या टर्बो नसलेल्या इंजिनाची गाडी शोधीन. १३६ अश्वशक्ती, एक टनाहून थोडे जास्त वजन आणि सहा गिअर असा तिचा हिशोब आहे. ताकद आरपीएमबरोबर हळूहळू चढत जाते, त्यामुळे पायाने किती दाबले आणि गाडीने किती उत्तर दिले याचा मेळ डोक्यात पक्का बसतो. माझ्या दृष्टीने शिकण्यासाठी यापेक्षा चांगला गुण नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नका. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी ईएससी यंत्रणा, असलेच पाहिजे. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचे झाले. त्यापूर्वीची गाडी घेत असाल तर नेमक्या त्या गाडीत ते आहे का, हे स्वतः तपासा. इंजिन सुरू करताना मीटरवर घसरणाऱ्या गाडीचे चिन्ह क्षणभर लागून विझते. पहिल्या एमएक्स-५ वर माझा जीव असूनही मी ती तुम्हाला सुचवत नाही, याचे कारण हेच आहे.

मागची_सीट :

वरच्या प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, पण हलक्या गाडीच्या कौतुकाबाबत माझे मत वेगळे आहे आणि तुमच्या घरच्यांच्या वतीने ते मांडणे मला आवश्यक वाटते. दोन गाड्यांची टक्कर होते तेव्हा हलक्या गाडीच्या वेगात अधिक मोठा बदल होतो आणि तो धक्का आत बसलेल्यांच्या शरीराला सोसावा लागतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि चालकाच्या कौशल्याने तो बदलत नाही. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था किशोरवयीन चालकांसाठी वापरलेल्या गाड्यांची शिफारस करते, तेव्हा सुमारे १२५० किलोपेक्षा हलक्या गाड्या आणि स्पोर्ट्स कार या दोन्ही ती यादीबाहेर ठेवते. तुम्ही विशीत पोहोचला आहात, पण अनुभवाच्या दृष्टीने त्यांच्यापासून फार दूर नाही.

मी स्वतः माझदा ३ सारखी, दोन लिटरच्या साध्या इंजिनाची, तेराशे किलोच्या आसपासची गाडी घेईन. तिचे स्टिअरिंग आणि मॅन्युअल गिअर दोन्ही आवड असलेल्या माणसाला समाधान देतात, आणि घरच्यांनाही झोप लागते. सुरक्षा चाचणीचे तारे पाहताना ते कोणत्या वर्षीचे आहेत हेही पाहा, कारण युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेचे निकष काळानुसार कडक होत गेले आहेत आणि २००८ चे पाच तारे व २०१८ चे पाच तारे यांची तुलना होऊ शकत नाही.

आणखी एक विनंती आहे. पहिले काही महिने रात्री मित्रांनी भरलेली गाडी चालवू नका. तरुण चालकाच्या शेजारी समवयस्क मंडळी बसली की अपघाताचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. आणि गाडी स्पोर्टी असेल तर "जरा पळवून दाखव ना" असे कोणीतरी म्हणणारच.

नवा_चालक :

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. जीटी ८६ सध्या मनातून काढली आहे. आता १.६ लिटरची स्विफ्ट स्पोर्ट आणि माझदा ३ या दोघींत निवड करायची आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या एका स्विफ्ट स्पोर्टचे सस्पेन्शन खाली केलेले आहे आणि इंजिनाचे रिमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात बदल) केले असल्याचे विक्रेता अभिमानाने सांगतो. अशी गाडी घ्यावी का? आणि जुनी स्पोर्टी गाडी पाहताना नेमके काय तपासावे?

तेलकट_हात :

गाड्यांच्या दुरुस्तीचे काम गेली अनेक वर्षे करत असल्याने या प्रश्नाचे उत्तर देतो. ती गाडी घेऊ नका. बदल केलेली प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही, परंतु ज्याने ताकद वाढवली त्याने ती वापरली असणार, आणि त्याचा ताण क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन माउंटिंगवर आलेला असणार. शिवाय असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. ते लपवले गेले तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. विम्यावरून आठवले, तरुण चालकाचा हप्ता स्पोर्टी मॉडेलसाठी बराच वाढतो, म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी त्या मॉडेलचा विम्याचा आकडा हातात घ्या.

तपासणीला सुरुवात टायरपासून करा, कारण मालकाने गाडीची काळजी किती घेतली हे टायर सर्वांत आधी सांगतात. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. चारही टायर एकाच जातीचे आहेत का, ते पाहा. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बाहेरची कड चांगली आणि आतली गुळगुळीत असेल, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) तरी बिघडलेली आहे किंवा सस्पेन्शनला कधीतरी जबर मार बसलेला आहे. अनेक देशांत १.६ मिलिमीटर खाचेपर्यंत टायर कायदेशीर समजला जातो, पण पावसात त्याची पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो. स्पोर्टी गाडी घेऊन स्वस्तातले टायर घालणारे खूप पाहिले आहेत, आणि ती बचत चुकीच्या जागी होते.

क्लच तपासण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग थोडा कमी असताना वरचा गिअर टाका आणि एक्सलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर गेले आणि त्या मानाने वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा पाहा, कारण मागून बसलेला मार तिथल्या सुरकुत्यांत दिसतो. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बोनेट कधीतरी काढलेले आहे, आणि का काढले हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहायचे, हे विक्रेत्याला आधीच कळवा. तुम्ही पोहोचता तेव्हा बोनेट गरम लागले तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. ब्रेक ऑइल कधी बदलले तेही विचारा. ते हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि ज्याने ते वेळेवर बदलले आहे त्याने बाकीची देखभालही बहुधा केलेली असते.

तिसरा_गिअर :

मागची_सीट यांचा वजनाचा मुद्दा मला मान्य आहे. महामार्गावरचा प्रवास जास्त असेल तर मीही माझदा ३ कडे झुकेन, आणि बहुतेक फिरणे कमी वेगाच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर असेल तर स्विफ्ट स्पोर्टकडे. ही विभागणी तुमच्या रोजच्या रस्त्यांवरून तुम्हीच करू शकता.

गाडी कोणतीही आली तरी पहिल्या आठवड्यात, परवानगी असलेल्या मोकळ्या मैदानावर, ताशी ५० किलोमीटर वेगात असताना ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून पाहा. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, चालू झाली की पायाखाली पेडल थरथरते, आणि ज्यांनी ती थरथर कधी अनुभवलेली नसते ते खऱ्या प्रसंगी घाबरून पाय सैल करतात. त्यानंतर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. ताशी १०० ला ब्रेक लावल्यावरचे अंतर त्याच्या चौपट होते, आणि शिवाय पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. मैदानावर तेवढी पावले चालून पाहिली की आकडा लक्षात राहतो. ईएससी बंद करण्याचे बटण मात्र मैदानावरही दाबू नका. ते एखाद्या प्रशिक्षकाच्या शेजारी बसून शिकायचे काम आहे, आणि अशा एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी गाडीच्या रकमेतूनच थोडे पैसे बाजूला काढा.

दोन्ही गाड्या चालवून पाहायला जाल तेव्हा घरच्यांपैकी एकाला बरोबर न्या आणि निघण्यापूर्वी बसण्याची जागा नीट लावून घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावे. तसे बसता येत नसेल तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या.

नवा_चालक :

शनिवारी सकाळी माझदा ३ आणि रविवारी एक मूळ स्थितीतली स्विफ्ट स्पोर्ट पाहायला जात आहे. दोन्ही विक्रेत्यांना इंजिन थंड ठेवायला सांगितले आहे आणि वडील बरोबर येणार आहेत. टायरवरच्या तारखा वाचून इथे कळवतो.