लोकलमधला फटका: मारणारा पोरगा आणि जखमी माणूस समोरासमोर बसावेत का?

कुर्लेकर:
लोकलच्या दारात उभ्या माणसाच्या हातावर रुळांलगतून काठी हाणायची आणि पडलेला मोबाईल उचलून पळायचं, हे फटकावाल्यांचं काम मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मामेभावाचा त्यात तोल गेला आणि डावा पाय घोट्यापासून गेला. सापडलेला पोरगा १६ वर्षांचा, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे. दादाचा जबाब घेतला, तेवढाच त्याचा संबंध. तुला काय हवंय, हे कोणीच विचारलं नाही. त्याला त्या पोराच्या तोंडून ऐकायचंय की चालत्या गाडीतला माणूस पडेल हे तुझ्या डोक्यात आलं होतं का.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांत अशी बैठकच आणली. मुलगा, त्याचं कुटुंब, पोलीस आणि इच्छा असेल तर पीडित एकत्र बसतात, भरपाई कशी करायची ते ठरवतात. त्याआधी १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी २२ ठिकाणी तोडफोड केली होती, त्यांना दारोदार जाऊन नुकसान झालेल्यांना भेटायला लावलं होतं. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समुपदेशन आहे, समाजसेवा आहे, पालकांना दंडही आहे. पण जखमी माणसाला जागा कुठे आहे?

दादर_पूर्व:
पाय परत येणार आहे का? चार पोरं आत गेली की पाचवा काठी उचलताना विचार करेल.

गिरगावची:
माझा ठाम विरोध, पण कारण वेगळं. आपल्याकडे ‘मिटवून टाका’ हे नेहमी दुबळ्यालाच ऐकावं लागतं. नवरा मारतो म्हणून बाई चौकीत गेली की आधी समजूत तिचीच काढतात. जातपंचायतीही समोरासमोर बसवूनच ‘न्याय’ करायच्या, शेवटी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीचा विचारच होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये बजावून सांगावं लागलं. उद्या दादाच्या घरी त्या पोराच्या वस्तीतली दहा माणसं आली, तर तो ‘नको’ म्हणू शकेल?

कुर्लेकर:
दहा माणसं आजही येऊ शकतात, आणि आज ती चोरून येतात. पंचायतीत निवाडा पंचांचा असतो. इथे पोराने गुन्हा कबूल केल्याशिवाय बैठकच नाही, दादा कधीही उठून जाऊ शकतो, आणि मंडळाचा आदेश वेगळा होणारच. घरगुती मारहाण आणि बलात्कार यातून बाहेर ठेवा, तिथे तुमचंच बरोबर आहे.

फोर्टातला वकील:
तडजोड कायद्यात आहेच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ३५९. साधी मारहाण, चोरी वगैरेंत चालते. होतं काय? व्हरांड्यात आकडा ठरतो, अर्जावर सह्या होतात, न्यायाधीश विचारतात ‘स्वखुशीने ना?’, आणि प्रकरण संपतं. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. कुर्लेकर म्हणतात त्यात पैसे नंतर येतात, आधी उत्तर द्यावं लागतं. त्या पोराला दंडापेक्षा तेच जड जाईल.

गिरगावची:
मग बैठक चालवणार कोण? तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये आली, मिटवलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस. बक्षीस ठेवलं की तंटे मिटवायची घाई होते, माणसाचं मन कोण बघतं?

कुर्लेकर:
बक्षीस नकोच. मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक असतात, परिवीक्षा अधिकारीही पोराच्या घरी जाऊन अहवाल करतो. त्यांनी आधी दादाला एकट्याला भेटावं, घरच्यांसमोर नाही.

गिरगावची:
त्या अधिकाऱ्याकडे किती पोरांच्या फायली असतात ते एकदा बघून या. अहवाल लिहायला वेळ नाही, तो दादाबरोबर तास-दोन तास कसा बसणार? या कामाला वेगळी, शिकलेली, पगारी माणसं नेमा. तोवर दादाला त्या खोलीत पाठवू नका.