शाखा उघडली जानेवारीत, ब्लॅक बेल्ट आला मार्चमध्ये

गुडघेदुखी
न्यू जर्सीत सहा वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची, कुस्तीच्या जवळची कला) करतोय. पर्पल बेल्ट, त्यावर दोन स्ट्राइप. आमच्या जिममधल्या एकाला नुकताच ब्लॅक बेल्ट मिळाला. माणूस गोड आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याने जानेवारीत शेजारच्या गावात शाखा काढली, जिमचं नाव लावण्याचे पैसे दरमहा आमच्या प्रोफेसरांना (म्हणजे गुरूंना) जायला लागले, आणि मार्चमध्ये याच्या कमरेला काळा पट्टा. ब्राउनवर जेमतेम सात महिने झाले होते. परवा रोल (सरावाची झुंज) करताना मी त्याला दोनदा टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्यांचे काळ्यापर्यंत पट्टे पाचच. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. नेमाने जाणाऱ्याला साधारण दहा वर्षं लागतात. बऱ्याच ठिकाणी परीक्षा नसते. एक दिवस क्लास संपताना प्रोफेसर नाव पुकारतात आणि नवा पट्टा बांधतात. आयबीजेजेएफ या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचे नियम आहेत: ब्लूवर किमान २ वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर १, वय किमान १९. काळा पट्टा देणाराही दुसऱ्या डिग्रीचा (काळ्याच्याही वरच्या पायऱ्या असतात) हवा. पण हे सगळं त्यांच्याकडे नोंदणी करणाऱ्यांपुरतं. बाकीच्यांना कोण विचारतो?

माझं म्हणणं, परीक्षा हवी आणि परीक्षक बाहेरच्या जिमचे हवेत.

लाल माती
आमच्याकडे ही भानगडच नाही. वस्तादांनी कुणाला रंगीत पट्टा बांधला असं कधी ऐकलंय? खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते कुठल्या पट्ट्यावर? तू त्याला दोनदा टॅप करायला लावलंस ना, मग तू मोठा. विषय संपला.

तिरपी रेघ
नाही संपला, भाऊ. एड ओ'नील हा टीव्हीवरचा नट रोरियन ग्रेसींकडे (ग्रेसी म्हणजे या कलेचं नामांकित घराणं) दीड दशकाच्या वर घाम गाळून साठीच्या आसपास ब्लॅक बेल्ट झाला. बावीस वर्षांचा दांडगा पर्पल बेल्ट त्याला लोळवेल. म्हणून त्याचा पट्टा खोटा? पट्टा म्हणजे माणसाला किती येतं त्याची खूण. आज कोण कुणाखाली दबलं याची नोंद नव्हे. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने लिहितेय.

लाल माती
ताई, येतं पण करता येत नाही, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. इथे लिहीत नाही. (ह. घ्या.)

गंडाबंधन
दोघांचंही अर्धवट. गाण्यात कसं, 'गंडा कुणाचा?' एवढं विचारलं की निम्मा माणूस कळतो. इथेही तसंच. कोडोकान या जपानमधल्या जुडोच्या मूळ शाळेतून आलेले जुडोका मित्सुयो माएदा, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी, पुढे एलिओ वगैरे. कुठल्याही ब्लॅक बेल्टला 'तुझा पट्टा कुणाचा?' विचारा, त्याला साखळी सांगता आली पाहिजे. थापाड्या इथेच अडखळतो, कारण सांगितलेल्या गुरूला फोन लावायला दोन मिनिटं लागतात.

बेताल
गंडा बांधणारे उस्ताद शाखेचे पैसे घेत नव्हते हो. धागाकर्त्याच्या केसमध्ये साखळी खरीच आहे, तरी वास येतोय ना?

आणि घराण्याचा एवढा तोरा नको. रिओच्या गरीब उपनगरात ओस्वाल्दो फादा शिकवायचे. त्यांचे गुरू लुइझ फ्रांसा, ग्रेसींपैकी नव्हेत. पन्नासच्या दशकात फादांच्या पोरांनी ग्रेसी अकॅडमीला आव्हान दिलं आणि हरवलं, त्यात पायाच्या डावांचा मोठा वाटा. प्रतिष्ठित मंडळी फूटलॉकला 'उपनगरी डाव' म्हणून नाकं मुरडायची. तेव्हा कोण अस्सल, कोण कमअस्सल?

वर्षं मोजण्यालाही अर्थ नाही. बी. जे. पेनने साधारण साडेतीन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळवला आणि २०००च्या जागतिक स्पर्धेत त्याच पट्ट्यावर सुवर्ण घेतलं. ब्राझीलबाहेरचा तो पहिलाच. जे काय आहे ते मॅटवर.

गुडघेदुखी
पेन चव्हाट्यावर सिद्ध झाला, त्याला कोण नाव ठेवतंय? आमचा गडी एकाही स्पर्धेत उतरलेला नाही. म्हणूनच म्हणतो, परीक्षा.

नारायणपेठी
मला यातलं काही कळत नाही, पण परीक्षेबद्दल बोलते. मुलाला सहाव्या वर्षी इथे पुण्यात कराटेला घातलं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, प्रमाणपत्राचे वेगळे, पट्ट्याचे वेगळे. परीक्षक बाहेरूनच यायचे आणि त्यांचं मानधन आमच्याच फीमधून. तीन वर्षांत नापास झालेलं एकही पोर पाहिलं नाही. नवव्या वर्षी चिरंजीव ब्लॅक बेल्ट! त्या पट्ट्याने सध्या माळ्यावर जुन्या गादीची वळकटी बांधली आहे. पट्टा मजबूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

बेताल
दंडवत घ्या. परीक्षा आली की दुकान आलंच. ग्रेसी युनिव्हर्सिटीने (ग्रेसींची ऑनलाइन शाळा) विद्यार्थ्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून ब्लू बेल्ट द्यायला सुरुवात केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! परीक्षा तर होतीच की. लोकांचा सवाल एकच होता, अंगाला अंग न लावता तपासलं काय?

तिरपी रेघ
गुडघेदुखी, एक विचारू? त्याला दोनदा टॅप करायला लावलंस म्हणतोस. त्याने तुला किती वेळा?

गुडघेदुखी
त्याचा इथे काय संबंध?

लाल माती
आकडा सांग रे.

गुडघेदुखी
चार. त्यातला एक गुडघ्यामुळे, तो धरू नका.

गंडाबंधन
म्हणजे पट्टा खरा.

गुडघेदुखी
तो बरा खेळतो हे मी नाकारलंच नव्हतं. मग अजून पाच महिने थांबून वर्ष पुरं का नाही होऊ दिलं? पट्ट्याशिवाय शाखेवर पोरं येईनात, म्हणून. हे खुद्द त्यानेच मला पार्किंगमध्ये सांगितलं, गी (सरावाचा पोशाख) गाडीत कोंबताना. आणि वर म्हणाला, तूही एखादी शाखा काढ.

लाल माती
काढतोयस का मग?

गुडघेदुखी
बायकोला विचारतो.