मदत हवी आहे: चिठ्ठ्या जमल्यात, सोमवारी बोलू काय?

खडूफळा
सोमवारी तास आहे आणि चपलांच्या खोक्यात चिठ्ठ्या साठल्यात, निम्म्या वाचूनच घाम फुटलाय. आधी कुणी हे केलं असेल तर पटकन सांगा, काय बोलायचं नि काय टाळायचं. प्लीज 'डॉक्टरांचं व्याख्यान ठेवा' नको, ते झालंय, पोरं तासभर खाली माना घालून बसली.

निवांतपणी
कसला तास, कसल्या चिठ्ठ्या? आम्ही काय मनकवडे?

खडूफळा
अहो आरोग्य शिक्षणाचा, आणखी कसला! आणि चिठ्ठ्या पोरांनी नाव न घालता टाकलेल्या प्रश्नांच्या.

रानपाखरू
कितवी? मुलं-मुली एकत्र का? तुम्ही विषय कोणता शिकवता?

मोकळा_श्वास
रोज सकाळी १२ सूर्यनमस्कार घाला आणि मोबाइल काढून घ्या, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. अनुभव आहे.

खडूफळा
आठवी, एकत्र, ५४ जण, ३५ मिनिटं. मी गणिताचा, विज्ञानाच्या मॅडम रजेवर म्हणून हे माझ्या गळ्यात. एक चिठ्ठी बघा, अक्षर मुद्दाम वाकडं काढलंय, डाव्या हातानं लिहिल्यासारखं: 'मी मुलगा आहे. एका बाजूला छातीत गाठ आहे, दाबली की दुखते. कॅन्सर आहे का'. 'कॅन्सर' खोडून परत लिहिलंय. दुसरी: 'दोन महिने पाळी नाही, आईला सांगू का'. सूर्यनमस्कार सांगू का हिला?

पांढरा_कोट
नर्स आहे, शाळांमधून काम केलंय. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांना स्तनाग्रामागे अशी दुखरी गाठ येते, हार्मोन्समुळे. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. वाढत गेली किंवा स्राव आला तर दाखवायचं. हे सगळ्या वर्गाला सांगा, ज्याचं त्याला पोचतं. पाळीचं म्हणाल तर पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असतेच, चक्र २१ ते ४५ दिवसांचं चालतं.

रानपाखरू
हो पण 'नॉर्मल आहे' म्हणून मोकळे होऊ नका. दोन महिने गॅपला कारण दुसरंही असू शकतं. आईला सांग, आईला नाही जमलं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला, आणि तीन महिने झाले तर डॉक्टरकडे जायचंच, एवढं स्पष्ट बोला.

जुना_मास्तर
३० वर्षं शिकवलंय. हे असलं वर्गात बोललं की नको ते सुचतं पोरांना. निदान मुलं-मुली वेगळी बसवा.

पांढरा_कोट
सर, युनेस्कोची २०१८ ची मार्गदर्शिका उलट सांगते, अशा शिक्षणानं मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत. वेगळं बसवलं की मुलांना पाळी कळतच नाही, मग चिडवतात तेच.

रानपाखरू
मला सरांचं थोडं पटतं, पहिला तास वेगळा घ्या, मुली जास्त विचारतात. नंतर एकत्र.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: पुतण्या १३ चा आहे, उंची वाढत नाही, कुठली पावडर द्यावी?

निवांतपणी
धागा हायजॅक करू नका. खडूफळा, चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची असं होतं का? नाहीतर लिहिणारा लगेच ओळखू येतो.

खडूफळा
नाही, ज्याला हवं त्यानं टाकायची. म्हणूनच अक्षर वाकडं काढलं असणार त्यानं. डोक्यातच आलं नाही.

पांढरा_कोट
पुढच्या वेळी ५४ च्या ५४ चिठ्ठ्या, प्रश्न नसेल त्यानं कोरी घडी टाकायची. आणि 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द देऊन बसू नका. कुणी त्रास देतंय असं एखाद्या चिठ्ठीत निघालं तर ते पुढे न्यावंच लागतं, हे पेटी ठेवतानाच सांगा.

खडूफळा
बरं झालं बोललात, मी नेमका तोच शब्द देऊन बसलोय. सोमवारी आधी तो मागे घेतो, मग गाठीपासून सुरुवात. पोरगा गुरुवारपासून कॅन्सर धरून बसलाय.

उंटावरचा_शहाणा
पावडरचं सांगा की कुणीतरी.