लीपहॉर्न, ची आणि झुनींची अग्निदेवता: बाहेरच्या लेखकाने कुठवर आत जावे?

माळरान

टोनी हिलरमन (१९२५–२००८) यांच्या, नवाहो या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मूलनिवासी जमातीच्या पोलिसांवरील रहस्यकादंबऱ्या मी गेले वर्षभर क्रमाने वाचत आहे. हिलरमन स्वतः नवाहो नव्हते. ते ओक्लाहोमात जन्मलेले गोरे पत्रकार होते आणि पुढे न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवत असत. तरीही माझे मत असे झाले आहे, की या कादंबऱ्यांत नवाहो आणि त्यांच्या शेजारच्या होपी व झुनी या जमातींच्या चालीरीती शोभेसाठी आणलेल्या नाहीत. त्या काढून टाकल्या, तर तपासच उभा राहत नाही.

'द घोस्टवे' (१९८४) पाहा. जिम ची हा तरुण पोलीस डोंगरातल्या एका होगानपाशी येतो. होगान म्हणजे पूर्वेकडे दार असलेले नवाहोंचे पारंपरिक घर. त्याच्या उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडलेले आहे, म्हणजे आत कोणीतरी मेले आहे. मृताचा 'चिंडी', म्हणजे त्याच्यातला वाईट अंश, तिथेच रेंगाळतो, म्हणून असे घर कायमचे सोडून दिले जाते. शहरातला पोलीस एवढे कळल्यावर समाधान पावला असता. ची मात्र इथेच अडखळतो. होगानच्या जुन्या वळणाच्या म्हाताऱ्या मालकाने मरणासन्न माणसाला वेळीच घराबाहेर का आणले नाही, आणि प्रेताचे बाकी सगळे यथासांग करून युक्का या वनस्पतीच्या मुळांच्या फेसाने केस धुवायचे तेवढे कसे राहिले? बोटांच्या ठशाइतकाच हा पक्का पुरावा आहे, फक्त तो दिसायला माणूस त्या घरातला असावा लागतो.

भूप्रदेशाचेही तसेच आहे. नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा राखीव प्रदेश, सुमारे ७१,००० चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि लीपहॉर्न हा ज्येष्ठ अधिकारी भिंतीवरच्या नकाशात रंगीत टाचण्या टोचून गुन्ह्यांची संगती लावतो. 'वाळवंट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थरच्या वाळूच्या टेकड्या येतात. इथे मात्र उंच पठार, लाल खडक, ज्युनिपर आणि सेजची झुडपे आहेत. नवाहो भाषेत विजांसह कोसळणारा तो नर पाऊस आणि हळुवार भिजवणारा तो मादी पाऊस. असा भेद करणाऱ्या माणसाला चिखलातल्या टायरच्या खुणेचे वय सांगता आले, तर नवल ते काय?

चकवा

माळरान, आपण सोयीचे उदाहरण निवडले आहे. 'डान्स हॉल ऑफ द डेड' (१९७३) का घेतले नाही? त्या कादंबरीला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका तिच्यावरच आहे. हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या शालाको या धार्मिक उत्सवात मुखवटा घालून अग्निदेवता होण्यासाठी निवडलेल्या झुनी मुलाचा तिच्यात खून होतो. झुनी समाजात कोणते धार्मिक ज्ञान कोणाला मिळावे हे दीक्षेवर ठरते. मुखवट्यांमागे काय आहे हे सर्वांनी जाणावे अशी तिथे अपेक्षाच नाही. वाचकाला मात्र बसल्या जागी तीनशे पानांत ते सगळे मिळते. होपी खेड्यांत आज छायाचित्र काढणे तर सोडाच, चित्र रेखाटायलाही मनाई आहे. असे नियम करणाऱ्या लोकांच्या विधींवर रहस्यकथा रचणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

सातबारा

चकवा, ते दार हिलरमन यांनी उघडलेले नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक हॅमिल्टन कशिंग १८७९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेतर्फे झुनी गावात गेले, साडेचार वर्षे राहिले आणि त्यांनी तिथले पुष्कळ काही छापून टाकले. शिवाय आपल्याच उदाहरणात खुनी कोण निघतो? (ज्यांना वाचायची आहे त्यांनी पुढचे वाक्य सोडावे.) फोल्सम काळातल्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांबद्दलचा आपला सिद्धान्त खरा ठरावा म्हणून उत्खननात खोटे अवशेष पेरणारा गोरा पुरातत्त्वज्ञ. म्हणजे परक्याच्या ज्ञानलालसेवरचा आरोप लेखकानेच कथेच्या पोटात ठेवला आहे. आणि १९८७ मध्ये नवाहोंनी हिलरमन यांना 'दिने लोकांचा खास मित्र' (दिने हे नवाहोंचे स्वतःसाठीचे नाव) म्हणून गौरवले, हे विसरून चालणार नाही.

चकवा

तो गौरव नवाहोंनी केला. झुनींच्या वतीने नवाहोंनी परवानगी कशी द्यावी? झुनी भाषेचे तर जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, इतके हे लोक वेगळे आहेत. या तिघांना एका माळेत ओवण्याची सवय या मालिकेनेच वाचकांना लावली. कशिंग यांच्याबद्दल म्हणाल, तर चोरीचा माल दुसऱ्या दुकानातून घेतला म्हणून तो शुद्ध होत नाही.

बांधावरून

आपण दोघेही धर्मावर अडकला आहात. मला या कादंबऱ्यांत सर्वांत खरी वाटते ती अधिकारक्षेत्राची कोंडी. १८८५ च्या कायद्याने राखीव प्रदेशातील खुनासारखे गंभीर गुन्हे केंद्र सरकारच्या कक्षेत गेले, म्हणून प्रेत सापडले की एफबीआयची माणसे येतात आणि लीपहॉर्न बाजूला उभा राहतो. १९७८ मध्ये ऑलिफंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की बाहेरच्या, मूलनिवासी नसलेल्या आरोपीवर जमातीच्या न्यायालयात फौजदारी खटला चालवता येत नाही. गुन्हेगार कळला आहे, पुरावा हातात आहे, पण खटला आपल्या दारात उभा करता येत नाही: कोणत्या लंडनच्या गुप्तहेरावर असा प्रसंग आला होता?

'द डार्क विंड' (१९८२) मध्ये ची एका पवनचक्कीची नासधूस कोण करते याचा शोध घेत असतो. ही पवनचक्की नवाहो आणि होपी यांच्यातल्या वादग्रस्त जमिनीवर आहे. १९७४ च्या कायद्याने ती जमीन वाटून दिल्यावर हजारो नवाहोंना घरे सोडावी लागली. लेखकाने हे वर्तमानपत्री थाटात सांगितलेले नाही. आटत चाललेला एक पवित्र झरा आणि त्यासाठी रात्री पवनचक्की मोडणारा एक होपी वृद्ध, एवढ्यावर त्याने भागवले आहे. विधींचे वर्णन नको म्हणणाऱ्यांनी या झऱ्याचे काय करायचे तेही सांगावे.

माळरान

चकवा यांचा झुनींविषयीचा मुद्दा मला पटतो, आणि पहिल्या मजकुरात मी तिन्ही समाजांची नावे एका दमात घेतली, ही चूक माझीच. नवाहोंविषयीचे मत मात्र बदललेले नाही. 'सेक्रेड क्लाउन्स' (१९९३) मध्ये ची जिच्या प्रेमात आहे ती आपल्या कुळातली तर नाही ना, या शंकेने तो हैराण होतो. आपल्याकडच्या सगोत्र विवाहाच्या कटकटी ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही घालमेल कोणी समजावून सांगायला नको. इथे लेखकाने कोणतेही गुपित फोडलेले नाही, उंबऱ्याबाहेरून दिसते तेवढेच लिहिले आहे.

याच कादंबऱ्यांत वारंवार येणारी एक रीत मला फार आवडते. नवाहोंकडे भेटीला आलेला माणूस दार ठोठावत नाही. गाडी होगानपासून लांब उभी करतो आणि आतले कोणी दारात येईपर्यंत गाडीतच बसून राहतो. झुनींच्या गावात हिलरमन गाडीतून लवकर उतरले, असे फार तर मी म्हणेन.

चकवा

एवढे मान्य केलेत, तर माझीही एक शिफारस ऐका. रमोना इमर्सन या स्वतः दिने असलेल्या लेखिकेची 'शटर' ही कादंबरी २०२२ मध्ये आली. तिची नायिका अल्बुकर्की पोलिसांसाठी गुन्ह्याच्या जागेची आणि प्रेतांची छायाचित्रे काढते, आणि मेलेली माणसे तिला दिसतात. मृतांचे नावही टाळणाऱ्या समाजातली मुलगी दिवसभर प्रेतांवर कॅमेरा रोखून उभी असते, आणि तिला वाढवणारी आजी त्याच गोष्टीला घाबरते. चिंडी तिथेही आहे, पण तपासाचा धागा म्हणून नव्हे. तो नायिकेबरोबर घरी येतो.

माळरान

मागवली आहे. वाचून झाल्यावर इथेच लिहितो.